ओसरीवरून स्वयंपाकघर दिसत नाही

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. सकाळी ७:१५. बाबांनी साखरेची गोळी घेतली.
२. नाश्ता केला नाही. "विहारात खीर आहे, पोटात जागा ठेवतो," म्हणाले. मी वेणी घालत होते. ऐकलं आणि वेणी पुरी केली.
३. वर्षावासाच्या समारोपाचा कार्यक्रम नऊचा होता. पाहुणे गडचिरोलीहून यायचे होते. सुरू व्हायला १०:४० झाले.
४. ११:०५. खिरीच्या रांगेत बाबांचा शर्ट पाठीवर ओला झालेला. बरं वाटतं का म्हणून विचारलं, तर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणाले. मग खाली बसले. मग एका कुशीवर पडले.
५. ११:०९. माझ्या मशीनवर साखर ४८.
६. शेजारच्या संघपालभाऊंनी द्रोणातली खीर चमच्याने भरवली. जिच्यासाठी उपाशी राहिले तिनेच उठवलं. ११:२५ ला ९१.
७. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न: "गाडी किती लेट आहे?"

दुपारी चारपर्यंत मी दर पंधरा मिनिटांनी त्यांचं बोट टोचत राहिले. हे यादीत कुठे घालायचं ते कळलं नाही.

मी मूल गावातल्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. रोज ऐंशी-नव्वद लोकांच्या रक्तातली साखर मोजते. घरातल्या माणसाची गेल्या पाच महिन्यांत मोजली नव्हती.

८ ऑक्टोबर, बुधवार

डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. गोळीनंतर पंधरा मिनिटांत खाणं, दोन खाण्यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर नको, मधल्या वेळी थोडंसं काही, आणि खाल्ल्यावर रोज अर्धा तास चालणं.

मी तक्ता केला. ७:३० नाश्ता. ११ फुटाणे किंवा उकडलेले शिंगाडे. १:३० जेवण, भात मोजून एक वाटी. ५ मुरमुरे. ८ जेवण, भाकरी.

बाबा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यातली बरीच गडचिरोली-सिरोंचा गाडीवर. त्यांनी तक्ता बराच वेळ वाचला आणि प्रत्येक वेळेसमोर पेनने गावं लिहिली. नाश्ता चामोर्शी. फुटाणे आष्टी. जेवण आलापल्ली. मुरमुरे रेपनपल्ली. रात्री सिरोंचा, मुक्काम. "आता ध्यानात राहते," म्हणाले. मग भाताच्या वाटीवर बोट ठेवलं. "हे हाफ तिकीट आहे का?"

मी हसले नाही. हसले असते तर दुसरी वाटी मागितली असती.

१२ ऑक्टोबर, रविवार

साडेसातला मी नाश्ता झाकून ठेवते, बाबा माझ्यासमोर गोळी घेतात, ७:४० ला मी निघते. खाऊन ते फिरायला जातात. उजाडण्याआधी जायचं नाही. कालव्याकडे वाघाचे ठसे आहेत म्हणून वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगून गेली. बाबा राईस मिलच्या बाजूने जातात. तिकडे वस्ती आहे.

मी त्यांना एक वही दिली. रोज एकदा, सकाळी दहाला साखर मोजून आकडा लिहायचा. पट्ट्या मोजून दिल्या, दिवसाला एक. वहीला त्यांनी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं.

रात्री ताट आठला वाढलं. ते जेवले ८:४० ला. कारण विचारलं. "भूक नव्हती." तोवर मी ओट्याशी उभ्याउभ्या खाऊन घेतलं होतं, भांडीही झाली होती.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

नागपूरच्या एका रक्तपेढीतून पत्र आलं. वरिष्ठ तंत्रज्ञाची जागा. १ जानेवारीला रुजू व्हायचं, होकार किंवा नकार १० डिसेंबरपर्यंत कळवायचा. मी जूनमध्ये मुलाखत दिली होती आणि विसरून गेले होते. विसरून गेले होते हे खरं नाही.

आई जाऊन चार वर्षं झाली. मला भाऊ-बहीण नाही. मी नागपूरला गेले तर बाबा इथे एकटे. नागपूरला चला म्हटलं तर ते येणार नाहीत, हे विचारायचीही गरज नाही.

म्हणून अट ठरवली. सलग तीस दिवस साखर सत्तरच्या खाली गेली नाही, तर जाईन. एकदाही गेली, तर नाही. असं ठरवलं की रोज विचार करावा लागत नाही.

पत्र मी टेबलावर ठेवलं होतं. संध्याकाळी ते दुमडून माझ्या पर्समध्ये ठेवलेलं सापडलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

पहाटे स्वेटर लागतो. धान कापणीला आलं आहे, मिलच्या बाजूने कोंड्याचा वास येतो. बाबांची वही: ११२, १०८, ११४, ११२, ११०. उत्तम. वजन एक किलोने कमी.

रात्रीचं जेवण रोज तीस-चाळीस मिनिटं उशिरा होतं. कारण अजून सापडलं नाही.

आज विचारलं त्यांनी, "तू काय खाल्लं दुपारी?" बिस्किटं म्हटलं. ते वहीकडे बघत म्हणाले, "तुह्या नावाची वही कोन ठेवते?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कंट्रोल सोल्युशन घालून मशीन तपासलं. बरोबर आहे. तरी काहीतरी खटकतं. २४ ऑक्टोबरपासूनच्या बावीस नोंदींत ११२ सात वेळा आलं. एकही विषम आकडा नाही. माणसाचं रक्त इतकं नीटनेटकं नसतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मशीन मागच्या नोंदी साठवून ठेवतं, हे बाबांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी तीन आठवडे पाहिलं नाही.

वहीत ११२. मशीनमध्ये ६७, वेळ ९:२५. वहीत १०८. मशीनमध्ये ७१. वहीत ११४. मशीनमध्ये ६२. बावीसपैकी तेरा वेळा सत्तरच्या खाली.

मी वही आणि मशीन शेजारी शेजारी ठेवली. बाबांनी चष्मा लावला, पाहिलं, चष्मा काढला.

"एकतीस वर्षांत चेकिंगमधे कधी सापडलो नाई," म्हणाले. "आपल्याच घरी सापडलो."

का लिहिलं असं, विचारलं. त्यांनी पर्सकडे पाहिलं. "खरं लिहिलं असतं तं तू गेली असती का?"

माझी अट मी कोणालाच सांगितली नव्हती. बहुतेक ती माझ्या तोंडावर लिहिलेली असते.

साखर का उतरते, तेही निघालं. नाश्ता ते घरी करतच नाहीत. गोळी घेतात, डबा भरतात आणि राईस मिलच्या पलीकडे गुणवंतरावांकडे चालत जातात. गुणवंतराव म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, बावीस वर्षं एकाच गाडीवर. त्यांची आंघोळ, पूजा होऊन ताट यायला साडेनऊ होतात. तोवर बाबा थांबतात. हात थरथरायला लागले की मशीन काढतात. मी म्हटलं, डबा तर तुमच्याकडेच असतो.

"ड्रायव्हर गाडी लावून खाली उतरल्याबिगर कंडक्टर ताट घेत नाई," ते म्हणाले. हे त्यांनी मला सूर्य पूर्वेला उगवतो अशा आवाजात सांगितलं. घाटात, पावसात, गाडी पंक्चर झाली तरी दोघं एकत्रच जेवत. एकट्याने ताट घेणं म्हणजे दुसऱ्याला रस्त्यावर सोडणं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाबांसोबत गुणवंतरावांकडे गेले. एक किलोमीटर चारशे मीटर, अठरा मिनिटं.

शेतकऱ्याचं घर, पुढे लांब ओसरी. गुणवंतराव गुडघ्याला पट्टा बांधून बाहेर आले. "या, कंडक्टरसाहेब. आज तिकीट चेकर बी संगं आणला?" मी नमस्कार केला. त्यांना सगळं सांगितलं. गोळी, पंधरा मिनिटं, ६२. त्यांनी ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाले की बावीस वर्षं ब्रेक मी मारत होतो, तू एक गोष्ट सांगू शकला नाही.

नवी पद्धत ठरली. गोळी घरी घ्यायची नाही. शर्टाच्या खिशात ठेवायची, ताट समोर आलं की घ्यायची. गुणवंतरावांची पूजा आठच्या आत. आतून त्यांच्या बायकोचा, इंदुकाकूंचा आवाज आला, डब्याची काही गरज नाही, दोन ताटं पाठवते. त्या बाहेर आल्या नाहीत. ताटं त्यांची सून दिव्यानी घेऊन आली.

निरीक्षण: गुणवंतरावांचं ताट आतून आलं. बाबांचं ताट ओसरीतल्या कोनाड्यात असतं. त्याचा काठ एका जागी वाकलेला आहे. दिव्यानीने ते खाली ठेवलं आणि वरून वाढलं. जेवून झाल्यावर बाबांनी ते नळावर स्वतः धुतलं आणि कोनाड्यात ठेवलं.

वाटेत मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. सांबारवडी छान झाली होती, भरपूर कोथिंबीर घातलेली, ती आता स्वस्त झाली आहे, एवढं बोलले. सांबारवडी तळलेली असते, एवढं मी बोलले.

रात्री आठला मी माझंही ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर बसले. ते आठला जेवले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच दिवस: ९८, १०५, ११७, ९३, १०१. विषम आकडे आहेत. खरे आहेत. अटीसाठी मी आता १६ तारखेपासूनचेच धरते, तीस दिवस पुरत नसले तरी.

दिव्यानी रोज दहा वाजता मला फोनवर आकडा पाठवते. आज खाली लिहिलं होतं, "सासूबाई विचारतात, १०१ म्हणजे चांगलं का?" चांगलं, असं कळवलं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी साडेसातला त्यांच्या ओसरीवर ११ अंश. मी लॅबमधला थर्मामीटर नेला होता. आत चुलीजवळ किती असेल माहीत नाही. मी आत गेलेले नाही.

दोघं म्हातारे एका घोंगडीत पाय घालून बसले होते. वाढलेलं चार मिनिटांत गार होतं. बाबांना खोकला आहे. गुणवंतरावांचा गुडघा थंडीत वाकत नाही, तरी ते रोज बाहेरच बसतात. त्यांचा मुलगा धनराज म्हणाला की त्याचे बाबा गेलं वर्षभर असेच बाहेर जेवतात, घरात जेवा म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणजे माझे बाबा निवृत्त झाल्यापासून. धनराजने हे गुडघ्याची तक्रार म्हणून सांगितलं.

निघताना गुणवंतराव बाबांना म्हणाले, "रातचं बी इथीच जेवत जा, वामनभाऊ. पोरीले जाऊ दे नागपूरले." म्हणजे नागपूरचं त्यांनाही माहीत आहे. बाबांनी ओसरीकडे पाहिलं. "रातची लय थंडी असते," म्हणाले. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं.

माझ्या जाण्यात आता एवढंच अडलं आहे. सकाळचं जमलं. रात्री आठला त्यांच्यासमोर कोण बसणार?

४ डिसेंबर, गुरुवार

८:३५ ला लॅबमध्ये दिव्यानीचा फोन. मी ८:५२ ला पोचले. झालेलं असं.

१. आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. बाबांनी ताट आलंच समजून गोळी घेतली. वेळ ७:४०.
२. त्याच वेळी गॅस संपला. दुसरं सिलिंडर नव्हतं. इंदुकाकूंनी चूल पेटवली. लाकडं ओली.
३. बाबा काही बोलले नाहीत. घाई कशी करायची दुसऱ्याच्या घरी.
४. ८:३० च्या सुमारास गुणवंतरावांनी आवाज दिला. बाबा उत्तर देईनात. साखर ५८.
५. इंदुकाकू चुलीपासून उठून आल्या. मुठीत साखर होती. आपल्या हाताने बाबांच्या तोंडात घातली, आपल्या तांब्यातलं पाणी पाजलं, तळवे चोळले.
६. मग धनराज आणि त्यांनी मिळून बाबांना आत नेलं.

मी गेले तेव्हा बाबा चुलीजवळ पाटावर बसून गरम भात आणि वरण खात होते. इंदुकाकू समोर बसून वाढत होत्या आणि सगळ्यांना बोलत होत्या. धनराजला सिलिंडरवरून, गुणवंतरावांना आंधळे म्हणून, बाबांना तोंड शिवलंय का म्हणून. मला म्हणाल्या, "तू बी बस वं. कवापासून उभी आहे." मी बसले. पहिल्यांदा आत.

भात दोन वाट्या होता. मी मोजला नाही.

ताटाचा काठ सरळ होता.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी विहारात गेलो. मेणबत्त्या, शांतता. दोन दिवस घरीच विश्रांती घेतलेले बाबा येताना पूर्ण रस्ता चालत आले. मी विचारलं, उद्या आत बसाल ना. "पाहू," म्हणाले.

७ डिसेंबर, रविवार

ते ओसरीवर बसले.

ताटं आली. बाबांसमोर आतलं ताट होतं, सरळ काठाचं. कोनाडा रिकामा. पण ओसरीवर ९ अंश होते आणि बाबा ओसरीवर होते. गोळी हातात धरून बसले होते, कारण आत काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं.

त्या दिवशी तर आत जेवलात, मी हळू आवाजात म्हटलं.

"त्या दिवशी मले नेलं. मी गेलो नाई," बाबा म्हणाले. "बोलावल्याबिगर कोनाच्या घरात जाऊ नये, नूतन. कोनाच्याच."

यात राग नव्हता. मला वाटतं तो फार पूर्वी वापरून संपला आहे.

ताट धुवायला मी उचललं. दारात इंदुकाकू उभ्या होत्या, त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. "तुहे बाबा आत काऊन नाई आले?"

मी विचारलं, तुम्ही बोलावलं का.

"म्या कवा नाई म्हटलं?"

त्या ताटाचा काठ पदराने पुसत राहिल्या. तो कोरडाच होता. मग म्हणाल्या, "हो बी नाई म्हटलं, थे खरं आहे. सासूची रीत होती. सासू जाऊन सहा वर्षं झाली. रीत काढाची कोनी, थे कोनी सांगतलं नाई." आणि आत गेल्या.

घरी येऊन मी दोन गोष्टी तपासल्या. एक, अट मोडली आहे. ४ तारखेला ५८. हिशोबाने मी नागपूरला नाही म्हणायला हवं. दोन, ती अट मी चुकीच्या ठिकाणी लावली होती. साखर बाबांच्या रक्तातली मोजत होते. उतरायचं कारण प्रत्येक वेळी कोणाची तरी वाट पाहणं हे होतं. विहारात पाहुण्यांची, ओसरीवर ताटाची, रात्री माझी.

हे शेवटचं मला सोळा नोव्हेंबरला कळलं होतं, पण लिहिते आहे आत्ता. बारा ऑक्टोबरच्या नोंदीत "कारण विचारलं" असं लिहिलं आहे; मी उभ्याउभ्या जेवल्याचं त्याच्याच खाली.

बाबांना दाखवता येणार नाही असं पत्र लिहिते आहे. इथे कच्चं, मग स्वच्छ कागदावर.

इंदुकाकू,

नमस्कार. तोंडाने बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

४ तारखेला बाबांनी गोळी लवकर घेतली, कारण ओसरीवरून स्वयंपाकघर दिसत नाही. आत बसले असते तर गॅस संपलेला त्यांना दिसला असता. म्हणून त्यांनी आत बसून जेवावं असं माझं म्हणणं आहे. हे कारण खरं आहे, पण एकच नाही. दुसरं तुम्हालाही माहीत आहे.

मी नागपूरला गेले तर बाबांचं सकाळचं आणि रात्रीचं जेवण तुमच्याकडे व्हावं, काकांसोबत, चुलीजवळ. काकांचा गुडघाही आत बरा राहील. तांदूळ, डाळ, भाजी आमच्याकडून येईल. भात एक वाटी. सांबारवडी आठवड्यातून एकदा.

बोलावल्याशिवाय ते येणार नाहीत, आणि काकांनी बोलावून चालणार नाही. स्वयंपाकघर तुमचं आहे. तुम्ही उंबऱ्यापाशी येऊन, त्यांना ऐकू जाईल असं, "वामनभाऊ, आत या" एवढं म्हणावं, अशी विनंती आहे.

जमणार नसेल तर तसं सांगा. मी नागपूरला नाही कळवीन आणि बाबांसमोर मीच बसेन. त्याचंही मला वाईट वाटणार नाही. तुम्ही आपल्या हाताने साखर भरवली, ते उत्तर काहीही आलं तरी माझ्या लक्षात राहील.

मला बुधवारी नागपूरला कळवायचं आहे. म्हणून हो किंवा नाही, मंगळवारी ९ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत दिव्यानीकडून कळवा.

नूतन